भुकेलं पाणी

कुलथेकाकूंच्या वॉशिंग मशीनमधून फेस निघाला तो सकाळी सव्वाआठला, आणि साडेआठपर्यंत तो जिना उतरून गल्लीत आला होता.

तो काही साधासुधा फेस नव्हता. पायरीपायरीनं, दमादमानं, लग्नातल्या मानाच्या पाहुणीसारखा खाली येत होता. गल्लीतलं कुत्रं त्याच्याकडे बघून भुंकलं, मग त्यात नाक घालून शिंकलं. वर गॅलरीत कुलथेकाकू पदर खोचून, हातात खराटा घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वडखेडच्या इतिहासात ही फेसाहून मोठी घटना होती.

"काकू, पावडर किती घातली?" प्रणोतीनं खालून विचारलं.

"किती म्हणजे? रोजच्यासारखीच. तीन वाट्या."

"तीन वाट्या?"

"मग काय अक्षता टाकू का त्यात? बावीस वर्षं झाली, तीन वाट्या घातल्या तेव्हा कुठं चार बुडबुडे निघतात."

प्रणोती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता तिनं खिशातली वही काढून लिहिलं, "तिसरा दिवस. घर क्रमांक ४१. फेस, जिन्यापर्यंत." प्रयोग यशस्वी झाला होता. इतका यशस्वी की आता तो खराट्यानं लोटावा लागत होता.

प्रणोती डोईफोडे दहावीत होती, आणि २०३९ सालच्या त्या उन्हाळ्यात वडखेडमध्ये तिला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला 'यस मॅडम' म्हणतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. मग विज्ञानाच्या प्रकल्पासाठी तिनं दोनशे बारा घरांतलं पाणी तपासलं. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात साबणाचं द्रावण थेंबथेंब टाकायचं, हलवायचं आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. पुस्तकात जड पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात ते यासाठीच. दोनशे बारा दारं वाजवली की माणसाचा आवाज आपोआप मोकळा होतो. शेवटच्या पन्नास घरांत तर ती चहा पिऊन, वर त्यांच्या गिझरचं वय विचारून बाहेर पडत होती.

आणि वडखेडचं पाणी म्हणजे काय सांगावं. प्रत्येक गल्लीची आपली वेगळी बोअर, आपले वेगळे पाइप आणि आपला वेगळा जडपणा. काही गल्ल्यांत लिटरमागे आठशे मिलिग्रॅम क्षार. बादली वाळली की आतून चुना लावल्यासारखी. नळाच्या तोंडाला पांढऱ्या दाढ्या. डाळ सहा शिट्ट्यांनीही शिजायची नाही, म्हणून घरोघरी कुकरमध्ये चिमूटभर खायचा सोडा. केस धुतले की झाडूसारखे. आणि गिझर तर दोन वर्षांत आडवा.

प्रणोतीची ती वही जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाण्यावर संशोधन करणाऱ्या डॉ. शाहीन पठाण यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचली. पुढच्या सहा महिन्यांत वडखेडच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक गोल, निळ्या छपराची इमारत उभी राहिली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. गाव तिला मोतीघर म्हणायचं.

मोतीघराचं गुपित शाहीन मॅडमनी पहिल्याच दिवशी प्रणोतीला सांगितलं होतं, आणि तिनं ते तेव्हापासून निदान शंभर जणांना सांगितलं होतं. शिंपला काय करतो? तो पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम पकडतो आणि त्याचं कवच बांधतो. हे काम त्याच्या अंगातलं एक प्रथिन करतं. बालवाडीच्या बाई मुलांना हाताला धरून ओळीत बसवतात ना, तसं ते प्रथिन कॅल्शियमच्या कणांना ओळीत बसवतं. मॅडमच्या प्रयोगशाळेनं ते प्रथिन यीस्टकडून बनवून घेतलं, मोठमोठ्या पिंपांत वाढवलं आणि मोहरीएवढ्या वाळूच्या कणांवर चढवलं. आता जड पाणी या कणांमधून सोडायचं. क्षार गिझरवर, नळावर, कपड्यांवर बसायचे ते इथेच कणांवर बसतात. थरावर थर चढतो, मोहरीचा वाटाणा होतो आणि तळाशी जातो. वरून निघतं ते मऊ पाणी. आठशेचं चाळीस. खालून ट्रॉली भरून पांढरेशुभ्र गोल मोती.

"आधी एका गल्लीत तीन आठवडे चाचणी," मॅडम म्हणाल्या होत्या. "मग सगळ्या बोअरचं पाणी मोतीघरात आणून पूर्ण गावाला. आणि त्या दिवशी कळ तू दाबायचीस."

"मी?"

"दोनशे बारा दारं मी वाजवली नव्हती."

चाचणीला गल्ली निवडली ती धान्याच्या मोंढ्यामागची, म्हणजे प्रणोतीचीच. कळ दाबायचा रविवार तिनं कॅलेंडरवर तीन रंगांनी रंगवला होता.

डोईफोड्यांच्या घरात मात्र मऊ पाण्याचा पहिला बळी गेला तो डाळीचा. प्रणोतीच्या आईची मेस होती, चौतीस पोरं जेवायला. आईनं सवयीनं सोडा घातला, सवयीनं सहा शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तर आत डाळ नव्हतीच. पिवळी खळ होती.

"पोस्टर चिकटवायला बरी आहे," पप्पा ताटाकडे बघत म्हणाले.

"खा गुमान. दोन शिट्ट्यांत होते म्हणून कुणी सांगितलं होतं का मला?" आई म्हणाली.

"मी सांगितलं होतं," प्रणोती म्हणाली. "तू म्हणालीस, डाळ मी शिजवते की तुझी वही शिजवते."

पप्पा हसले. पण हसू मिशीतच राहिलं, वर डोळ्यांपर्यंत गेलं नाही. प्रणोतीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कारण पप्पांचं, म्हणजे भारत डोईफोड्यांचं, दुकान गिझर दुरुस्तीचं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी वडखेडच्या गिझरांच्या कॉइली बदलल्या होत्या. जड पाणी म्हणजे त्यांची भाकरी. आणि ही भाकरी आता त्यांचीच पोरगी कळ दाबून बंद करणार होती. घरात हे कुणी बोलत नव्हतं. बोललं असतं तर सोपं गेलं असतं.

दुकानात शिरलं की डोक्यावर एक लांब तार दिसायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्यावर शेकडो जळक्या कॉइली टांगलेल्या. कुठली नुसती पांढरी, कुठली मुळ्यासारखी सुजलेली, कुठली ओळखूही न येणारी. पप्पांचा नियम होता, काढलेली कॉइल परत बसवायची नाही आणि भंगारातही द्यायची नाही. तिला पत्र्याची चकती बांधायची, चकतीवर खिळ्यानं कोरायचं. गल्ली कुठली, बसवली कधी, काढली कधी. त्यांचे उस्ताद रहीमभाई यांची ही शिकवण. "कॉइल कशानं मेली ते लिहून ठेव, म्हणजे पुढची जगवता येते." लहानपणी प्रणोतीला ती तार म्हणजे भुतांची पताका वाटायची. हल्ली तिला तिची थोडी लाज वाटायची. शाहीन मॅडम एकदा दुकानात येणार होत्या तेव्हा तिनं काहीतरी कारण काढून ते टाळलं होतं.

रविवारच्या आधीचा बुधवार. शाळेतून आली तर पप्पा गल्लीच्या तोंडाशी उकिडवे बसलेले. नळाच्या पाइपावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली. डॉक्टर छाती तपासतात तसं.

"पप्पा, काय करायलात? लोक बघायलेत."

"गप. ऐकायलोय." थोड्या वेळानं ते उठले. "पाइप पोकळ वाजायलाय, पोरी. आणि आत काहीतरी वाहत जायलंय. खुळखुळ येतीय. हे पाणी चांगलं नाही."

"पाणी चांगलं नाही? पप्पा, गावातलं सगळ्यात चांगलं पाणी आहे ते. चाळीस आलंय, चाळीस."

"आकडा असेल चांगला. पाइपाला सोसना झालंय. तुझ्या मॅडमला सांग, रविवारचं थोडं लांबवा."

रविवारचं. तीन रंगांचं. प्रणोतीच्या डोक्यात काहीतरी तडकन उडालं आणि तोंडातून निघून गेलं, "तुमचं गिऱ्हाईक तुटलं, म्हणून तुम्हाला आता पाइपातसुद्धा भुतं दिसायलीत."

गल्लीत दोन बायका पाणी भरत होत्या. त्यांनी हंड्याकडे मान वळवली.

पप्पांनी स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशात खोचला. "बरं," एवढंच म्हणाले आणि दुकानाकडे चालू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं प्रणोतीला त्या दिवशी निदान दहा वेळा वाटलं.

गुरुवारी सकाळी कुलथेकाकूंची हाक आली. फेस आटोक्यात आला होता. काकू आता अर्ध्या वाटीवर आल्या होत्या आणि त्याचं श्रेय स्वतः घेत होत्या. पण मशीनमध्ये पाणीच येत नव्हतं.

"तुझ्या पप्पांना म्हटलं बघा, तर म्हणाले प्रणोतीला विचारा. भांडलात का काय?"

"नाही हो," प्रणोती म्हणाली आणि मान खाली घालून मशीनची पाण्याची नळी सोडवली. नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते. ती गच्च भरली होती. पांढरे तुकडे. तिनं ते तळहातावर झाडले. आधी वाटलं, मोतीघरातून निसटलेले मोती असतील. पण मोती गोल असतात. हे चपटे होते. एका बाजूनं पांढरे, दुसऱ्या बाजूनं तांबडे. आणि प्रत्येक तुकडा किंचित वाकलेला, अंड्याच्या फुटक्या टरफलासारखा.

तिनं एक तुकडा आपल्या पेनावर ठेवून पाहिला. बाक पेनाहून मोठा होता. मग नळीवर ठेवला. नळीहूनही मोठा. मग जिना उतरून गल्लीतल्या पाइपापाशी गेली. तुकड्याचा बाक आणि पाइपाचा गोलवा, एकास एक. पाइपाच्या आतून निघालेला तुकडा होता तो. तांबडी बाजू म्हणजे गंज.

म्हणजे पप्पांनी ऐकलं ते खरं होतं. आणि खोटं कशाला बोलायचं, त्यातच कुठेतरी एक आनंदाची उडीही होती, काहीतरी सापडल्याची.

घराच्या मागे पप्पांनी ठेवलेले जुन्या पाइपांचे तुकडे होते. तिनं एका पाइपाचे हातभर लांबीचे दोन तुकडे करून घेतले. दोन बादल्या, कूलरचे दोन पंप, चार रबरी नळ्या. एका बादलीत शाळेमागच्या बोअरचं जुनं जड पाणी, दुसरीत मोतीघराचं. पाणी पाइपातून फिरत राहील अशी जोडणी केली. दोन्हींमध्ये फरक फक्त पाण्याचा. प्रयोग असाच असतो, एक गोष्ट बदलायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही.

पप्पा दारातून बघत होते. संध्याकाळी तिला दिसलं, एका नळीला गळती होती तिथं कुणीतरी टेप गुंडाळून गेलं होतं.

शुक्रवारी दोन्ही बादल्या शांत. शनिवारी सकाळी आई अंगणात आली आणि ओरडली, "हे कुणी केलंय? माझं कुरडयांचं ताट भिजलंय सगळं."

मोतीघराच्या पाण्याच्या पाइपाला घाम फुटला होता. तीन जागी थेंब, आणि एका जागी सुईएवढ्या भोकातून सरळ चिळकांडी, थेट कुरडयांवर. शेजारचा जुन्या पाण्याचा पाइप ठणठणीत कोरडा.

प्रणोती तशीच दुकानात गेली. पप्पा एका मिक्सरचं भांडं उघडून बसले होते.

"पप्पा, माझ्याबरोबर मोतीघरात चला."

"मी कशाला? शिकल्यासवरल्या लोकांत."

"मला पाइप ऐकता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येतो."

पप्पांनी मिक्सर बाजूला ठेवला. हात पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. "चप्पल घालू दे," म्हणाले.

शाहीन मॅडम मोतीघराच्या मोठ्या पडद्यापुढे उभ्या होत्या. पडद्यावर गावातले सगळे पाइप हिरव्या रेघांनी काढलेले. बाहेर मांडव बांधला जात होता. मॅडमनी बादल्यांची हकिकत ऐकली, टरफलं पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी फळ्यावर एक रेघ ओढली आणि बोलू लागल्या, बहुतेक स्वतःशीच.

"पाणी क्षारांनी भरलेलं असलं की सांडत जातं, थर बसतो. क्षार काढून घेतले की पाणी भुकेलं होतं. समोर जे दिसेल ते विरघळवून पोट भरतं. जुना थर खातं. हे माहीत होतंच मला. थर गेला तर जाऊ दे, खाली लोखंडी पाइप आहे, असा हिशोब होता. नकाशात सगळे पाइप लोखंडी आहेत."

"नकाशा वरून काढलाय, मॅडम," पप्पा पहिल्यांदाच बोलले. "पाइप खाली आहे."

त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलेला बादलीतला गळका तुकडा काढला, दोन्ही हातांत धरला आणि गुडघ्यावर टेकवून दाबला. लोखंडी पाइप बत्ताशासारखा मोडला. बाहेरची तांबडी पापडी गळून पडली. हातात राहिली ती जाडजूड पांढरी नळी, अर्धी खाल्लेली.

"काळ्या मातीनं बाहेरून लोखंड कधीच खाल्लं. हा पाइप नाहीच. हा क्षार आहे, पाइपाच्या आकाराचा. निम्मं गाव यावर चाललंय."

मॅडम पुन्हा पडद्यावरच्या हिरव्या रेघांकडे वळल्या.

"उद्या पूर्ण दाबानं पाणी सोडलं असतं," मॅडम हळूच म्हणाल्या, "तर महिन्याभरात सगळं गाव गळायला लागलं असतं." त्या खुर्चीत बसल्या. "आणि बंद केलं तर हे कायमचंच बंद. आणखी नऊ गावं रांगेत आहेत. ती म्हणतील, वडखेडला फसलं."

प्रणोतीनं खिडकीतून कळीकडे पाहिलं. कळीवर कुणीतरी आधीच झेंडूची माळ घातली होती. किती दिवस तिनं आरशासमोर ती कळ दाबायचा सराव केला होता. बोट कसं, मान कशी, हसायचं कितपत.

"उद्या कळ दाबायची नाही," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की ते आपणच म्हणालो. "चाळीसवर तर नाहीच. पण आठशे आणि चाळीस यांच्या मध्ये काहीतरी असेल ना? खाणारही नाही आणि थापणारही नाही असं?"

"असतं," मॅडम म्हणाल्या. "आत अंड्याच्या टरफलाएवढा पातळ थर राहील आणि तो थरच पाइपाला जपेल, इतपत जडपणा. थोडं मूळ जड पाणी बाजूच्या नळानं या मऊ पाण्यात मिसळलं की झालं. पण आकडा गावागावाचा वेगळा. पाणी, ऊन, पाइप, सगळ्यावर अवलंबून. तो शोधायला दहा वर्षांची माहिती लागते, प्रणोती. ती कुठून आणायची?"

प्रणोतीनं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी प्रणोतीकडे. आणि मग ती धावत सुटली.

तार मोतीघरात आली ती स्कूटरवर, मागे कुलथेकाकू मांडीवर कॉइलींचा ढीग घेऊन बसलेल्या. गल्लीभर खणखणाट. "लग्न कुणाचंय?" मोंढ्यातून कुणीतरी विचारलं. "गिझरचं," काकू म्हणाल्या.

मोतीघराच्या फरशीवर सव्वीस वर्षं मांडली गेली. पप्पा चकत्या वाचत होते, प्रणोती वहीत त्या गल्लीचा जडपणा शोधत होती, मॅडम पडद्यावर ठिपके देत होत्या.

"माळ गल्ली. दीड वर्ष टिकली."

"सातशे नव्वद."

"पेठ. तीन वर्षं."

"पाचशे वीस."

"जैन मंदिरामागची. तिथं छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवतात. दोन वर्षं."

"दोनच?" मॅडम थबकल्या. "ते तर सगळ्यात मऊ पाणी असेल."

"पस्तीस," प्रणोती म्हणाली.

पप्पांनी ती कॉइल उजेडात धरली. तिच्यावर पांढरा कणही नव्हता. अंगभर खड्डे होते, देवीच्या व्रणांसारखे. "ही थरानं मेली नाही. हिला पाण्यानं खाल्लं. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण लिहून ठेवलं होतं."

ठिपक्यामागून ठिपका पडत गेला. प्रणोतीला बसवेना. पडद्यावर एक टेकडी तयार होत होती. जड पाण्याच्या टोकाला कॉइली लवकर मेलेल्या, मऊ पाण्याच्या टोकालाही लवकर मेलेल्या, आणि मध्ये चढ. टेकडीच्या अगदी माथ्यावर एकच गल्ली होती.

"कासार गल्ली," पप्पांनी चकती पुसली. "अकरा वर्षं. थरानं नाहीच मेली ही, वीज पडली होती त्या घरावर."

कॉइलीवर सारखा, पातळ, मोत्यासारखा थर होता. नखानं खरवडला तरी निघेना.

"एकशे साठ," प्रणोतीनं वही न बघताच सांगितलं. ते घर तिच्या लक्षात होतं. तिथं तिला बेसनाचा लाडू मिळाला होता.

शाहीन मॅडम खाली फरशीवर बसल्या, त्या शेकडो गंजक्या, सुजलेल्या कॉइलींच्या मधोमध. "भारतभाऊ, जगात एवढी माहिती कुठल्याही प्रयोगशाळेकडे नाही. आणि तुम्ही ती तारेला टांगून ठेवलीत."

"उस्तादांची शिकवण," पप्पा म्हणाले आणि उगाच एक चकती पुन्हा पुसू लागले.

रविवारी मांडव गच्च भरला होता. वर मोठा फलक, 'क्षारमुक्त वडखेड'. आता क्षारमुक्त तर व्हायचं नव्हतं, म्हणून सकाळी घाईघाईनं 'मुक्त' या शब्दावर भलामोठा हार टांगला होता. वारा आला की हार हलायचा आणि मुक्त दिसायचं. नगराध्यक्षांचं भाषण त्यामुळे जरा अडखळतच झालं.

मग मॅडमनी लोकांना सगळं खरंखरं सांगितलं, टरफलाचं, भुकेल्या पाण्याचं आणि तारेचं. जिथे पाइप अगदी गेलेत ते बदलेपर्यंत पाणी कमी दाबानं येईल, हेही. मागून एकजण कुरकुरला. त्याला कुलथेकाकूंनी नुसतं वळून पाहिलं. तो गप्प झाला.

"आता प्रणोती," मॅडम म्हणाल्या.

कळीच्या जागी कालच्या दुपारीच एक चाक बसवलं होतं. कळ दाबली की सगळं एकदम सुरू होतं. चाक हळूहळू फिरवता येतं. प्रणोती पुढे आली. सगळं गाव बघत होतं, दोनशे बारा दारंच्या दारं. आरशासमोरचा सराव तिला आठवला, आणि हसूच आलं.

"एकटीला जमणार नाही," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज खणखणीत. "पप्पा, या."

पप्पा शेवटच्या रांगेत होते. ते येईनात. मागून आईनं ढकललं. मग आले, लग्नातला शर्ट घालून, आणि खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. मुख्य पाइपापाशी गुडघ्यावर बसले, टोक पाइपाला लावलं, मूठ कानाला. मांडव चिडीचूप.

प्रणोतीनं चाक फिरवलं.

"आणखी," पप्पा म्हणाले.

तिनं फिरवलं. पडद्यावर जडपणाचा आकडा एकशे साठवर स्थिर होता, दाबाचा वर चढत होता.

"आणखी. हं. थोडं. थोडं." त्यांनी डोळे मिटले. प्रणोतीला त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. "बास. आता त्याला सोसतंय."

तिनं हात काढला. लांब कुठेतरी, मोंढ्यापलीकडे, कुणाच्यातरी उघड्या नळातून पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग गावभर.

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. पप्पांच्या दुकानाची पाटी बदलली आहे. नऊ गावांतून त्यांना पाइप ऐकायला बोलावतात. शनिवारी प्रणोती अकरावीचं दप्तर घरी टाकून त्यांच्याबरोबर जाते, तिच्याही खिशात आता स्क्रूड्रायव्हर असतो. तिला अजून पप्पांइतकं ऐकू येत नाही. पण गळका पाइप आणि पोकळ पाइप यांतला फरक कळतो.

परवा कुलथेकाकूंनी हाक मारली. गिझर बंद. पप्पांनी सवयीनं कॉइल बाहेर काढली, सवयीनं खिशातून चकती काढली, खिळा काढला. मग कॉइल उजेडाकडे धरली. अंगभर सारखा, पातळ, पांढरा थर. टरफलाएवढा. बिघाड कॉइलीत नव्हताच, वायर उंदरानं कुरतडली होती.

पप्पांनी कॉइल प्रणोतीच्या हातात दिली. तिनं नखानं खरवडून पाहिलं. निघालं नाही.

"मग?" काकूंनी विचारलं. "नवी आणायची का?"

पप्पांनी चकती परत खिशात टाकली. फडक्यानं कॉइल पुसली, आणि इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. काढलेली कॉइल परत बसवली.

खालून, गल्लीपलीकडच्या मेसमधून, आईच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. प्रणोतीनं मोजली. एक. दोन. तीन. आणि गॅस बंद.